निळ्या इंधनातला थेंब

थेरगावच्या वर्कशॉपमधला कारागीर व्हर्नियर लावल्याशिवाय जॉब हातावेगळा करत नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडतात, तीही अशाच चोख हातांच्या भरवशावर. सेस्ना १७२ या छोट्या विमानाचं इंधन पंखांतल्या टाक्यांमधून आपल्याच वजनानं खाली येतं. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून उजेडात धरतात. विमानाचं १००एलएल पेट्रोल निळं दिसायला हवं. त्यात पाणी मिसळलं असेल, तर ते जड असल्यानं थेंब होऊन तळाशी बसतं. पुढच्या चाकाच्या शॉकचा चकाकता दांडा पुसायचा, कारण त्यावरची धूळ सील खाते. टायर पाहायचे, ब्रेकमधून गळती नाही ना हे तपासायचं. मग नोंद आणि सही. त्या सहीवर विसंबून कुणाचं तरी लेकरू आकाशात जातं. आयटीआयच्या पोरांनो, या कामाचं मोल ओळखा.