नकुशाला घरी काय हाक मारतात?

बारशाच्या दिवशी पाळण्याला फुलांच्या माळा असतात, बाजूला घुगऱ्यांचं ताट असतं आणि बायकांच्या गर्दीतून आत्या पुढे होते. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ती 'कुर्रर्र' करते, नाव सांगते आणि जमलेल्या बायका हसत हसत तिच्या पाठीत बुक्के घालतात. माणसाला त्याचं नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते असं, कुजबुजत आणि लाडानं. सातारा-सांगलीच्या कित्येक घरांत मात्र आत्यानं त्याच लाडक्या सुरात सांगितलेलं नाव होतं : नकुशा.

नकुशा म्हणजे नको असलेली. कुठे नकोशी, कुठे नकुसा. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे देवाला कळतं आणि पुढच्या खेपेला मुलगा देतो, असा समज. लहान बाळाला काय कळतंय, असं म्हणून घरं मोकळी झाली. पण नाव एकदाच ठेवलं जात असलं तरी हाक दिवसातून पन्नास वेळा मारली जाते. नकुशा, पाणी आण. नकुशा, भावाला घे. शाळेत गुरुजींनी हजेरी घेताना 'नकुशा' म्हटलं की तिनं उभं राहून 'हजर' म्हणायचं.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी, दिवाळी चार दिवसांवर आली असताना, साताऱ्यात अशा २८५ मुलींचं एकाच दिवशी नव्यानं बारसं झालं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेनं गावोगावच्या नकुशा शोधून काढल्या होत्या. ठेवणीतले कपडे घातलेल्या, केसांना पिना लावलेल्या मुली एकेक करून पुढे आल्या आणि हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलं घेऊन परतल्या. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. सरकारी कार्यक्रम म्हणून त्याकडे कुणी दुर्लक्ष करू नये. घरानं केलेली चूक सरकारनं घराच्या उंबऱ्यापाशी येऊन दुरुस्त करावी, असे प्रसंग फार घडत नाहीत.

त्यातली सावित्री मनात घर करून राहते. सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातल्या. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. ज्या बाळांना जगानं नको म्हटलं, त्यांच्यासाठी जोतीरावांनी आणि त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी मुलगा म्हणून वाढवला. नको असलेलं मूल आपलं म्हणायचं कसं, याचा धडा दीडशे वर्षांपूर्वी याच मातीतल्या एका बाईनं घालून दिला होता. तरी तिच्या माहेरच्या जिल्ह्यात २८५ नकुशा निघाल्या, हे दुखतंच.

वाईट अर्थाची नावं मुलांनाही ठेवली जात. दगडू, धोंडू, केरू ही नावं जुन्या पिढीत घरोघर होती. पण त्यांच्यामागचं काळीज वेगळं. आधीची मुलं दगावली की जगलेल्याला दगडू म्हणायचं, कारण दगडाला कुणाची नजर लागत नाही. ते नाव मूल राहावं म्हणून होतं. नकुशा हे नाव पुढचं मूल यावं म्हणून. म्हणजे तिच्या नावातही ती नव्हतीच, अजून न जन्मलेला भाऊ होता.

आणि तो भाऊ खरंच जन्मला, की घरातलं वारं फिरायचं. 'हिच्या पाठीवर मुलगा झाला' म्हणत तीच नकुशा पायगुणाची ठरायची. त्यातली वेदना वेगळी आहे. तिला माया मिळायची, पण भावाच्या वाट्यातली. भाऊ झालाच नाही तर तेवढीही नाही. बहीण-भावाच्या नात्यावर एवढं ओझं जन्माआधीच टाकलं, तर दोघांनी मोठं होताना एकमेकांकडे कसं बघायचं? राखी बांधताना तिला काय वाटत असेल, आणि त्याला?

या सगळ्यात आईवर बोट ठेवणं सोपं असतं. पण चौथ्या बाळंतपणानंतर माजघरात निजलेल्या बाईला नाव सुचवायला कुणी विचारत नाही. तिच्या कानावर येतं ते ओसरीवरचं बोलणं : पुन्हा मुलगीच, आता दुसरी करायला हवी. सवतीची धास्ती असलेल्या बाईला 'नकुशा' हे नाव मान्य करणं म्हणजे घरात टिकून राहायची किंमत वाटली असेल. ज्या सासूनं ते नाव सुचवलं, तीही कधीतरी याच धास्तीतून गेलेली असते. हे समजून घ्यायला हवं. समजून घेतलं म्हणजे माफ झालं असं मात्र नव्हे. मुलीचा बाप त्या ओसरीवरच बसलेला असतो आणि एक शब्द बोलत नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचा हिशोब कुणी मांडत नाही.

अडाणी, गरीब माणसं अशी नावं ठेवतात, असं शहरात सहज म्हटलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. ऊस, द्राक्षं, साखर कारखाने, गावोगाव शाळा असलेला हा जिल्हा. २०११ मध्ये हा आकडा थोडा सुधारला, तरी साताऱ्यातही तो नऊशेच्या खालीच राहिला. त्याच वेळी आदिवासी गडचिरोलीत तो साडेनऊशेच्या वर होता. ज्यांच्या हातात पैसा आला, त्यांना मुलीला नकुशा म्हणायची गरजच उरली नाही. ती जन्माला येणार नाही, याची सोय गल्लीतल्या सोनोग्राफी यंत्रानं केली. एका अर्थानं नकुशा ही नशीबवानच म्हणायची, असं लिहावं लागतं तेव्हा हात थांबतो.

मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये काय उघडकीला आलं, ते सांगलीकर विसरलेले नाहीत. दोन मुलींची आई असलेली एक तरुण बाई तिसऱ्या खेपेला गर्भपात करताना दगावली. तपास सुरू झाला आणि जमिनीत पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्येच, देशात सर्वात आधी केला होता. देशाचा कायदा १९९४ चा. तो कागदावरून दवाखान्यापर्यंत नेण्याचं काम साताऱ्याच्या अॅडव्होकेट वर्षा देशपांडे यांनी केलं. दलित महिला विकास मंडळ आणि लेक लाडकी अभियान यांच्यामार्फत गर्भवती बायकांनाच सोबत घेऊन त्यांनी गर्भलिंग सांगणाऱ्यांना रंगेहाथ पकडून दिलं. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या बाईच्या पोटात बाळ आहे, तिनं स्वतः उठून अशा सापळ्यात सामील व्हायचं, याला केवढं धाडस लागत असेल, याचा विचार त्या बातम्या वाचताना व्हायला हवा.

एक गोष्ट मात्र खटकत राहते. मुली वाचवा म्हणताना भिंतीभिंतींवर लिहिलं जातं, मुलगी मारली तर सून कुठून आणाल? लग्नं जमेनात म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. त्यांचं दुःख खरं आहे. पण मुलगी हवी ती कुणाची तरी बायको होण्यासाठी, असं म्हटलं की पुन्हा तेच झालं. आधी ती भावासाठी नको होती, आता नवऱ्यासाठी हवी आहे. तिच्यासाठी ती कधी हवी असणार?

म्हणूनच २०११ च्या त्या कार्यक्रमातली एक बाब फार मोलाची वाटते. जाणत्या मुलींनी आपली नावं आपण निवडली. आपल्याकडे बाईचं नाव बदलण्याची रीत जुनीच आहे. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो आणि नवरी ते वाचते. कितीतरी थोरल्या नकुशांची सुटका अशी तांदळाच्या ताटात झाली. पण ते नाव नवऱ्यानं दिलेलं. शाळकरी मुलीनं सगळ्या गावासमोर उभं राहून 'मला हे नाव हवं' म्हणणं निराळं.

घरात तोंडात बसलेलं नाव मात्र प्रमाणपत्रानं जात नाही. दाखल्यावर एक, आजीच्या तोंडी दुसरं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव चढलं असेल तर राजपत्रात जाहिरात, मग आधार, मग बँक, असे हेलपाटे. त्यापुढचा कागद आणखी महत्त्वाचा : सातबारा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये. तरी बाप गेल्यावर भावकी जमते, तलाठ्याकडे वारस लागतात आणि काही दिवसांत बहिणींना चहा-पोहे देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. सही न करणारीचं माहेर तुटतं. जमिनीत नको असलेली मुलगी नावानं ऐश्वर्या असली, तरी त्या ओसरीवर तिला अजून नकुशाच समजतात.

सरकारनं आपल्या बाजूनं काही केलं आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी लेक लाडकी योजना आहे. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांना मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार रुपये मिळतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लागतं. माजघरात निजलेल्या त्या बाईचं नाव पहिल्यांदा बाळाच्या नावाशेजारी आलं, ही फार मोठी गोष्ट आहे.

२०११ मध्ये शाळेत असलेल्या त्या मुली आता बाया झाल्या, कित्येकींना लेकरं असतील. सातारा जिल्हा परिषदेनं त्यांना एकदा पुन्हा बोलवावं. भाषणं, हारतुरे नकोत. सतरंजी टाकावी, चहा द्यावा आणि एकेकीला निवांत विचारावं : आई तुला आता काय हाक मारते? आजी? बापानं नवं नाव कधी तोंडानं घेतलं? माहेरच्या सातबाऱ्यावर तू आहेस का, की सही करून आलीस? तुला मुलगी झाली असेल, तर बारशाला आत्यानं तिच्या कानात काय सांगितलं, आणि ते नाव कुणी ठरवलं होतं?