झाडांच्या आराखड्यावर सही कोणाची?

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर हुबळी-धारवाड महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. जवळच इंदिरा ग्लास हाऊसचे उद्यान. ही दोन कामे कायद्याच्या लेखी सारखी नाहीत. इमारतीचा नकाशा करणाऱ्याला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचे असेल, तर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी अनिवार्य आहे. उद्यानाचा आराखडा करणाऱ्या लँडस्केप आर्किटेक्टवर असे बंधन नाही.

ही केवळ अनवधानाने राहिलेली फट नव्हे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ च्या कलम ३७ने ही उपाधी नोंदणीकृतांसाठी राखली. त्याच कलमाच्या परंतुकाने मात्र लँडस्केप आर्किटेक्ट आणि जहाजांची रचना करणारे नेव्हल आर्किटेक्ट यांना वगळले. कलम ३७ उपाधीचे रक्षण करते, व्यवसायाची मक्तेदारी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. लँडस्केप आर्किटेक्टच्या वाट्याला उपाधीचे संरक्षणही आलेले नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेने या व्यावसायिकाची शैक्षणिक पात्रता सांगितली आहे आणि पाच हेक्टर व त्याहून मोठ्या क्षेत्रासाठी, महानगरांत दोन हेक्टरपासून, त्याची भूमिका मान्य केली आहे. परंतु ही संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे. स्थानिक नियमांत समाविष्ट झाल्याखेरीज ती बंधनकारक ठरत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९५३ मध्येच असा परवाना सुरू केला. आज तेथील सर्व पन्नास राज्यांत तो लागतो.

हा प्रश्न गोव्यालाही लागू आहे. हुबळी-धारवाड आणि पणजी या दोन्ही शहरांची स्मार्ट सिटी योजनेत २०१६ मध्ये निवड झाली. गोव्यात झाड तोडण्यासाठी १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मात्र मुळांभोवती किती माती मोकळी ठेवायची, पावसाचे पाणी कोठे मुरवायचे, हे ठरवणाऱ्याची पात्रता कोणी विचारत नाही. चुकीच्या आराखड्याने झाड एका दिवसात पडत नाही; ते काही वर्षांनी वठते, आणि तोवर जबाबदारी निश्चित करणे अवघड होते.

परवान्याची सक्ती सरसकट केली, तर अनुभवी माळी आणि रोपवाटिकाचालक यांच्या पोटावर पाय येईल, ही भीती रास्त आहे. म्हणून घरगुती बागा वगळून मोठ्या सार्वजनिक कामांपुरतीच अट असावी. त्यासाठी संसदेतील दुरुस्तीची वाट पाहण्याचीही गरज नाही. संहितेतील पात्रता निविदेत घालून आराखड्यावर जबाबदार व्यक्तीची सही घेणे पालिकांना आजही शक्य आहे.