बातमीत आमचा चेहरा आहे, आमचे म्हणणेही यावे

प्रति,
मा. महासंचालक,
माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, मंत्रालय, मुंबई
(मार्फत : जिल्हा माहिती अधिकारी, नंदुरबार)

विषय : स्थानिक बातमीदारीत आदिवासींचा सहभाग आणि गावोगावी माध्यम साक्षरता याबाबत.

महोदय,

आम्ही अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांच्या पाड्यांवरील युवक-युवती, शिक्षक आणि ग्रामसभांचे सदस्य हे निवेदन सादर करतो.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात शंभरातील ६९ जण अनुसूचित जमातींचे आहेत. बातम्यांत मात्र आम्ही दिसतो ते ठरावीक वेळी. फाल्गुनात काठीच्या राजवाडी होळीचे छायाचित्र, पावसाळ्यात बांबूच्या झोळीतून दवाखान्यात नेली जाणारी अडलेली बाई, अधूनमधून कुपोषणाचा आकडा. झोळीच्या बातमीत अधिकाऱ्यांचा खुलासा छापला जातो. रस्ता कधी मंजूर झाला आणि कुठे अडला, हे झोळी खांद्यावर घेणाऱ्याला ठाऊक असते. त्याला कोणी विचारत नाही. ‘अतिदुर्गम’ हा शब्द तर आमच्या गावांना कायमचा चिकटला आहे. तालुक्याच्या बसस्थानकावरून पाहणाऱ्याला गाव दुर्गम वाटते. गावात राहणाऱ्याला दवाखाना दुर्गम असतो.

हा दोष एकट्या तालुका वार्ताहराचा नाही. डोंगर चढून, पावरी किंवा भिली समजून घेऊन बातमी करण्याइतका वेळ आणि मोबदला त्याला मिळत नाही. वरच्या खुर्च्यांवरही आमचे कोणी नाही. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी एकावरही अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती आढळली नाही.

दुसरी बाब अधिक काळजीची आहे. आमच्या अनेक पाड्यांवर वर्तमानपत्राची सवय लागण्याआधीच मोबाइल आला. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. पोटासाठी फिरणाऱ्या त्या माणसांपैकी बहुतेक मंगळवेढ्याकडची होती. फोनवर आलेले खरे की खोटे, हे कसे तपासावे, ते आमच्या मुलांना अजूनही कोणी शिकवत नाही.

बातमीत काय लिहावे हे शासनाने ठरवावे, अशी आमची मागणी मुळीच नाही. आपल्या अखत्यारीत जे आहे, तेवढेच मागतो. पाड्यांवरील युवक-युवतींना, त्यातही मुलींना प्राधान्य देऊन, जिल्हा माहिती कार्यालयात विद्यावेतनासह एक वर्षाचे बातमीदारीचे प्रशिक्षण द्यावे. त्यानंतर काम करणाऱ्यांना अधिस्वीकृतीच्या वेळी शहरी निकषांमुळे डावलले जाऊ नये. योजनांची माहिती आणि अफवांचे खंडन मराठीसोबत पावरी व भिलीत, ध्वनिमुद्रित करून त्याच दिवशी पाठवावे. आमच्याकडे वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त आहेत. साध्या फोनवरून हे साधते, हे छत्तीसगडमध्ये गोंडी भाषिकांसाठी ‘सीजीनेट स्वरा’ने दाखवून दिले आहे. आदिवासी विकास विभागाच्या मदतीने आश्रमशाळांत आठवीपासून बातमी तपासण्याचा तास सुरू करावा आणि त्याची सुरुवात राईनपाड्यापासून करावी. मुलांना ते गाव परके नाही.

या मागण्यांवर नंदुरबार येथे बैठक घ्यावी आणि तिथे आमच्यातील किमान दोन महिलांना पावरीत बोलू द्यावे, ही विनंती. दुभाषी आम्ही सोबत आणू.

आपले विश्वासू,
अक्कलकुवा व धडगाव परिसरातील ग्रामस्थ