शस्त्रक्रिया एका दिवसाची, पाठपुरावा आयुष्यभराचा

तंजावर (तमिळनाडू) : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा होते ती साधारणपणे पहिल्या वर्षात. किती किलो वजन उतरले, मधुमेहाच्या किती गोळ्या बंद झाल्या, गुडघेदुखी किती कमी झाली, याचा हिशेब या काळात मांडला जातो. त्यानंतर रुग्ण, रुग्णालय आणि विमा कंपनी या तिघांच्याही लेखी विषय संपलेला असतो. वैद्यकीय अनुभव मात्र वेगळे सांगतो. या शस्त्रक्रियेने शरीराची पचन आणि पोषणशोषणाची रचना कायमची बदलते आणि त्या बदलाचे काही परिणाम पाच, दहा किंवा पंधरा वर्षांनी समोर येतात. तोपर्यंत रुग्ण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपासून दूर गेलेला असतो.

भारतात ही शस्त्रक्रिया घराघरांत माहीत होण्यास राजकीय नेत्यांची उदाहरणे मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये, तर तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. त्याच सुमारास हा मार्ग स्वीकारलेले सामान्य रुग्ण आता शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दशकात आहेत. त्यांची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहतो. महानगरांपेक्षा तंजावरसारख्या जिल्ह्यात तो अधिक स्पष्ट दिसतो.

भाताच्या कोठारात लठ्ठपणा

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर हे तमिळनाडूचे भाताचे कोठार मानले जाते. राज्याच्या आरोग्याचे चित्र मात्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने पालटले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तमिळनाडूतील १५ ते ४९ वयोगटातील ४०.४ टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ आहेत. देशपातळीवर हेच प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्के आहे. आधीच्या सर्वेक्षणात तमिळनाडूतील स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. शस्त्रक्रियेची गरज भासणारे रुग्ण यातील थोडेच असले, तरी त्यांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे.

या शस्त्रक्रियांची मोठी केंद्रे मात्र प्रामुख्याने चेन्नई आणि कोइम्बतूरसारख्या शहरांत आहेत. तंजावरहून चेन्नई सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. शस्त्रक्रियेसाठी हा प्रवास एकदा करता येतो. दरवर्षी रक्ततपासणी आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला यांसाठी तो करणे अनेकांना परवडत नाही. वजन स्थिर आहे आणि त्रास काही नाही, असे वाटू लागले की फेऱ्या आपोआप थांबतात.

दीर्घकालीन ताळेबंद

शस्त्रक्रियेच्या दूरगामी परिणामांचा सर्वांत विस्तृत अभ्यास स्वीडनमध्ये झाला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या तितक्याच लठ्ठ व्यक्तींचा मागोवा घेण्यात आला. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे काही वजन परतले, तरी बहुतांश लाभ टिकला. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या वजनात या काळात फारसा फरक पडला नाही.

मधुमेहाबाबतचे आकडे अधिक सावध करणारे आहेत. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया गटातील ७२ टक्के मधुमेही आजारातून मुक्त दिसत होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. तरीही ते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्या लठ्ठ रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी वाढले, पण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. या अभ्यासातील बहुतेक शस्त्रक्रिया आज प्रचलित असलेल्या पद्धतींच्या नव्हत्या, हे ध्यानात घेऊनही त्यातून निघणारा बोध बदलत नाही. शस्त्रक्रिया आजाराला आवर घालते, तो कायमचा पुसत नाही.

सध्या सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला जातो. फिनलंडमधील दहा वर्षांच्या तुलनात्मक अभ्यासात स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला सूज आढळली. बायपास झालेल्यांत हे प्रमाण सात टक्के होते. छातीतील जळजळ ही किरकोळ तक्रार समजून वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या रुग्णासाठी ही माहिती महत्त्वाची आहे. ही जळजळ शस्त्रक्रियेशी संबंधित असू शकते आणि तिची दुर्बिणीने तपासणी होणे गरजेचे असते.

मूठभर भात आणि पोषणाचे गणित

शस्त्रक्रियेनंतर खाण्याचे प्रमाण घटते, शरीराची पोषणाची गरज मात्र त्या प्रमाणात घटत नाही. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच भागात शोषले जातात. जीवनसत्त्व बी-१२च्या शोषणासाठी जठरातून स्रवणारा घटक लागतो, तोही कमी पडतो. त्यामुळे बी-१२, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आयुष्यभर बाहेरून घ्यावी लागतात. मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रियांसाठी शिफारस दररोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोहाची, तर बहुतेक रुग्णांसाठी १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची आहे. प्रथिनांची किमान गरज दिवसाला साठ ग्रॅमच्या घरात असते.

हे गणित भातप्रधान ताटात बसवणे सोपे नाही. वाटीभर भातानेच पोट भरले, तर डाळ, दही, अंडी किंवा मासळी यांना जागा उरत नाही. म्हणून आधी प्रथिने आणि शेवटी भात, असा ताटाचा क्रम आहारतज्ज्ञ सुचवतात. सार्वजनिक वितरणासाठी ठरवलेल्या प्रमाणकानुसार पोषणवर्धित तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला त्यातून तीन-चार मिलिग्रॅम लोह मिळेल. सर्वसामान्यांसाठी ते उपयुक्त आहे, बायपास झालेल्या स्त्रीसाठी ते पुरेसे नाही.

स्थानिक सवयींचाही यात वाटा आहे. कुंभकोणमच्या फिल्टर कॉफीबरोबर लोहाची गोळी घेतली, तर लोहाचे शोषण घटते. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतल्यासही तेच होते, म्हणून दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. तिरुवैयारूचा प्रसिद्ध अशोका हलवा बायपास झालेल्या व्यक्तीने नेहमीप्रमाणे खाल्ला, तर घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. वैद्यकीय भाषेत त्याला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. सणासमारंभात आग्रह मोडणे आणि दर वेळी त्याचे कारण सांगणे, हा अशा रुग्णांच्या सामाजिक आयुष्याचा कायमचा भाग होऊन बसतो.

मानसिक बाजूकडे त्याहून कमी लक्ष जाते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि अधिक प्रमाणात चढते. अमेरिकेतील अभ्यासात शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या वर्षापासून मद्यासक्तीचे प्रमाण वाढलेले आढळले. आत्महत्येचा धोकाही काही रुग्णांत वाढत असल्याचे निष्कर्ष आहेत. वजन परतू लागल्यावर येणारी अपराधीपणाची भावना रुग्णाला तपासणीपासून आणखी दूर नेते. वजन पुन्हा वाढणे हा आजाराच्या स्वरूपाचा भाग आहे, रुग्णाच्या चारित्र्याचा दोष नाही, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

जुना रुग्ण, नवा डॉक्टर

सर्वांत गंभीर धोका माहिती तुटण्यातून निर्माण होतो. पायांना मुंग्या येतात म्हणून तालुक्याच्या ठिकाणी आलेल्या मधुमेही रुग्णाला साखरेमुळे मज्जातंतू कमजोर झाल्याचे सांगितले जाणे स्वाभाविक आहे. दहा वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया डॉक्टरांना माहीत नसेल, तर बी-१२ची तपासणी मागे पडते आणि भरून निघू शकणारी हानी कायमची होऊ शकते. गुडघेदुखीवर सहज दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बायपास झालेल्यांत जोडाच्या जागी व्रण निर्माण करू शकतात. अनेक वर्षांनी अचानक उद्भवलेली तीव्र पोटदुखी आतडे आतल्या आत अडकल्याची खूण असू शकते. तेथे काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.

गर्भवतींच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. गर्भावस्थेतील मधुमेह शोधण्यासाठी देशात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून रक्त तपासण्याची पद्धत रूढ आहे. बायपास झालेल्या स्त्रीला एवढ्या साखरेने भोवळ येऊ शकते आणि तपासणीचा निष्कर्षही फसवा ठरू शकतो. तिच्यासाठी काही दिवस घरी रक्तशर्करा मोजण्याचा पर्याय आहे. मात्र त्यासाठी तिची शस्त्रक्रिया झाली आहे, हे तपासणी करणाऱ्याला आधी कळायला हवे.

खर्चाचा तुटलेला दुवा

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेबाबत स्पष्टता आणली. वय किमान १८ वर्षे, शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा त्याहून अधिक, वैद्यकीय सल्ला आणि प्रमाणित कार्यपद्धती या अटी पूर्ण होत असतील, तर लठ्ठपणाचे कारण पुढे करून खर्च वगळता येत नाही. यामुळे शस्त्रक्रियेचे दार उघडले. त्यानंतरच्या वीस वर्षांच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि सल्ला हा मात्र बाह्यरुग्ण खर्च ठरतो आणि तो बहुधा रुग्णाच्याच खिशातून जातो. परिणामी लाखोंची शस्त्रक्रिया विम्यातून होते आणि काही रुपयांची गोळी परवडत नाही म्हणून बंद पडते.

घरपोच योजनेत उत्तर

या प्रश्नाचे अर्धे उत्तर तमिळनाडूकडेच आहे. राज्याने ५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ म्हणजे ‘लोकांच्या दारी वैद्यकसेवा’ ही योजना सुरू केली. उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना घरपोच औषधे देणे, भौतिकोपचार आणि परिहार सेवा पुरवणे हे तिचे स्वरूप आहे. आयुष्यभराच्या आजारासाठी रुग्णाने रुग्णालयापर्यंत येण्याची वाट पाहू नये, हे तत्त्व या योजनेने मान्य केले आहे. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले अनेक जण मधुमेह किंवा रक्तदाबाचेही रुग्ण असतात. घरी येणाऱ्या आरोग्य सेविकेने शस्त्रक्रियेबाबत एक प्रश्न विचारला, त्याची नोंद झाली आणि वर्षातून एकदा रक्ताचा नमुना जिल्हा पातळीवर तपासला गेला, तर मोठा खर्च न करता ही साखळी जोडता येईल. तंजावर वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था अशा तपासणीचे केंद्र होऊ शकते.

ब्रिटनमध्ये २०१४ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत. शस्त्रक्रिया केंद्राने किमान दोन वर्षे पाठपुरावा करायचा आणि पुढे स्थानिक डॉक्टरांच्या सहभागाने दरवर्षी तपासणी करायची, अशी जबाबदारीची विभागणी तेथे सुचवली आहे. भारतात आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील आरोग्य खात्याशी शस्त्रक्रियेची नोंद जोडणे शक्य आहे.

घरोघरी जाणाऱ्या सेविकांवर आधीच कामाचा भार आहे आणि अशा रुग्णांची संख्या तुलनेने कमी आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण या रुग्णांसाठी वेगळी योजना लागत नाही. चालू यंत्रणेत एक रकाना, काही स्वस्त गोळ्या आणि डॉक्टरांसाठी एका पानाची सूचना एवढेच लागते. शिवाय मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. औषध थांबवल्यावर वजन परतते, असा त्यांचाही अनुभव आहे. म्हणजे दीर्घकालीन देखरेखीची गरज शस्त्रक्रियेपुरती राहणार नाही. आज उभी केलेली व्यवस्था उद्याच्या कितीतरी मोठ्या रुग्णसंख्येला उपयोगी पडेल. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून विदर्भ, मराठवाडा किंवा कोकणात परतणाऱ्या रुग्णांसमोरही हाच प्रश्न असल्याने महाराष्ट्रासाठीही हा विचार तितकाच लागू आहे.

रुग्णाची नोंद ठेवण्याची परंपरा तंजावरला नवी नाही. मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी येथील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन आहेत. कोणाच्या डोळ्याला काय झाले आणि त्यावर कोणता उपचार झाला, हे दोनशे वर्षांनंतरही वाचता येते. दहा वर्षांपूर्वी चेन्नईत शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या रुग्णाचा कागद मात्र आज गावच्या डॉक्टरांसमोर नसतो. तो पोहोचवणे ही या सुधारणेची पहिली आणि सर्वांत कमी खर्चाची पायरी आहे.