अंदाजाची किंमत

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्या माणसांसाठी केल्या जाणाऱ्या बिनपगारी कामात, म्हणजे स्वयंपाक, भांडी, झाडलोट, धुणे इत्यादींत, ज्या स्त्रिया भाग घेतात त्यांची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे खर्ची पडतात आणि जे पुरुष भाग घेतात त्यांची ८८. २०१९च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली याबद्दल समाधान मानावे, तर तेवढ्याच काळात पुरुषांचीही नऊ मिनिटे वाचली आहेत. तेव्हा ही बचत कोणाच्याही खात्यावर मांडली तरी नवऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. शिवाय ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांपुरतीच आहे. २०१९ साली असा हात लावणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ होत्या आणि पुरुष शेकडा २६. उरलेले शेकडा ७४ पुरुष त्या ९७ मिनिटांच्या हिशेबातसुद्धा नाहीत.

या आकड्यांवर ठराव करणे सोपे आहे. समाजवादी चळवळीला तर ते फारच सोपे आहे, कारण तात्त्विक भूमिका पूर्वीच तयार आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीची मांडणी केली तेव्हा स्त्री-पुरुष समतेला त्यात मानाचे स्थान दिले. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे जातात हा राजकारणाचा विषय आहे, असे ते मानीत. महाराष्ट्रात १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि स्वयंपाकघरातले ते अवजार लढ्याचे चिन्ह झाले. मात्र मोर्चा पांगल्यावर ती लाटणी संध्याकाळी त्याच हातांनी पुन्हा पोळपाटावर चालू लागली, ही गोष्ट कोणत्याही अहवालात नोंदली गेली नाही. कार्यकर्त्यांच्या घरी आजही काही निराळे घडत नाही. बैठक रात्री दहाला संपते, सात-आठ मंडळी कोणाच्या तरी घरी पानावर बसतात. ठरावाच्या शब्दांवर मतभेद असतात, आमटीवर नसतात. ती आमटी जिने आयत्या वेळी वाढवून सर्वांना पुरविली, तिचे ठरावाबद्दलचे मत मात्र कोणी विचारलेले नसते.

प्रश्न असा आहे की हे श्रम इतक्या सहजपणे फुकट का मिळतात? अर्थशास्त्राने याला जे उत्तर दिले ते त्या शास्त्राला फारसे भूषणावह नाही. केंब्रिजचे पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात ही विसंगती प्रांजळपणे नोंदली. एखाद्या गृहस्थाने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण काम तेच राहिले तरी पगार थांबतो. विसंगती नोंदली गेली आणि तशीच राहिली. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी पिकवलेली ज्वारी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. त्याच ज्वारीची त्याच घरात थापलेली भाकरी धरली जात नाही. या भाकरीचा हिशेब न्यायालयात होतो, पण फार उशिरा. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे हे स्पष्ट केले आणि त्यासाठी २०१९च्या पाहणीतील वरच्याच आकड्यांचा आधार घेतला. ज्या गृहिणीच्या कामाचे मोल त्या दिवशी ठरले ती हयात नव्हती.

परंतु हिशेबाच्या चौकटीपेक्षा खोल असे एक कारण आहे, आणि ते रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दात दडलेले आहे. भाजीत मीठ किती, असे विचारले की उत्तर येते, ‘अंदाजाने’. पाणी किती, अंदाजाने. आंच कधी मंद करायची, तेही अंदाजाने. ऐकणाऱ्याचा समज होतो की हा अंदाज बाईबरोबर जन्माला येतो. तिच्या हाताला चव असते, ती काही शिकलेली विद्या नव्हे. जे उपजत आहे त्याला वेतन कशाचे? आणि जे उपजत नाही ते पुरुषाने शिकावे तरी कसे? एकाच शब्दाने मजुरीही बुडते आणि जबाबदारीही टळते. सुताराच्या डोळ्यांतला अंदाज मात्र कसब ठरतो आणि त्याची मजुरी ठरलेली असते.

अंदाज शिकता येतो याचा पुरावा मराठीत छापील स्वरूपात आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा हजार पाकक्रियांचा ग्रंथ १९१० साली आला. त्याचे नावच ‘गृहिणी-मित्र’, त्यामुळे तो कोणासाठी आहे याविषयी शंका नको. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७०मध्ये प्रसिद्ध झाले. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही घरोघरी असणारी मापे घेतली आणि पिढ्यानपिढ्या ‘अंदाजाने’ म्हणून सांगितली जाणारी गोष्ट मोजून दाखवली. आईपासून दूर संसार मांडणाऱ्या असंख्य मुली त्या पुस्तकाच्या आधाराने स्वयंपाक शिकल्या. जे मोजता येते ते शिकवता येते, आणि जे मुलीला शिकवता येते ते मुलाला शिकवता येत नाही असे म्हणण्यास शरीरशास्त्राचा कोणताही आधार सापडत नाही.

नवशिक्याने आरंभ कोठून करावा? पनीरच्या आणि बिर्याणीच्या मागे लागू नये. साधे वरण घ्यावे. एक वाटी तूरडाळ दोनतीनदा धुऊन अर्धा तास भिजू द्यावी. अडीच ते तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब घालून कुकरमध्ये तीनचार शिट्ट्या होऊ द्याव्यात आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण उघडू नये. एवढ्यावरही डाळ कधीकधी शिजत नाही. का शिजली नाही, हे शोधण्यात खरे शिक्षण आहे. डाळ जुनी असेल, पाणी जड असेल, किंवा उतावळेपणाने चिंच, आमसूल वा टोमॅटो आधीच टाकला असेल. आंबटाने डाळीचा दाणा आखडून राहतो. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. घरातल्या बाईला हे कारण विचारले तर ती कदाचित सांगणार नाही, पण तिचा हात आंबटाच्या डब्याकडे कधीही आधी जात नाही. भाताचेही तसेच. जुना तांदूळ पाणी अधिक पितो, नवा कमी. ज्याने दुकानदाराला तांदूळ नवा की जुना हे विचारले नाही, त्याचा भात बिघडला तर दोष मापाचा नसतो.

फोडणी हा तर क्रमाचा आणि वेळेचा धडा आहे. तेल तापले की मोहरी, ती तडतडली की जिरे आणि हिंग, मग कढीपत्ता व मिरची, आणि हळद अखेरीस, कारण ती लवकर करपते. लाल तिखट घालायचे तर आंच बंद करून. मसाल्याचा वास पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, म्हणून हा खटाटोप. मोहरी कच्ची राहिली तर कडवट लागते आणि करपली तर आणखी कडू लागते. या दोहोंमध्ये मिळणारा अवधी काही क्षणांचा असतो. तेवढ्यात फोन घेणारा माणूस स्वयंपाक शिकू शकत नाही.

भाकरी त्याहून कठीण. गव्हाच्या कणकेत जो चिवटपणा असतो तो ज्वारीत नाही. कणीक अर्धा तास झाकून ठेवली की मऊ होते, ज्वारीचे पीठ मात्र लागेल तसे थोडे घेऊन, गरम पाण्याने, तळहाताच्या जोराने त्याच वेळी मळावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि मग कितीही मळा, भाकरी कडेला चिरते. परातीत कोरडे पीठ पसरून ती थापायची, पिठाची बाजू वर राहील अशी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आले की उलटायची आणि शेवटी आंचेवर फुगवायची. नवशिक्याच्या पहिल्या दहाबारा भाकऱ्यांचा आकार भूगोलाच्या पुस्तकातल्या कुठल्या ना कुठल्या देशासारखा होतो. ऊसतोडीला जाणारी बाई पहाटेच्या अंधारात सगळ्या कुटुंबाच्या भाकऱ्या थापून मग कोयता हाती घेते. तिच्या हाताला अकुशल मजुराचा हात म्हणतात.

ज्याने हे महिनाभर नेमाने केले त्याला आणखी एक गोष्ट उमगते: चुलीपुढचा वेळ हा कामाचा एक भागच आहे. डाळ संपत आली आहे, उद्याची मटकी आज भिजत घालायची आहे, आजोबांना तिखट चालत नाही, दूध उतू जाईल, पाहुणे वाढले तर काय, हा हिशेब डोक्यात अखंड चालू असतो आणि त्याला सुट्टी नसते. म्हणूनच रविवारी मोठ्या थाटाने मटण रांधणारा, निम्मी भांडी खरकटी ठेवून कौतुकाची वाट पाहणारा पुरुष स्वयंपाक शिकला असे समजू नये. मंगळवारी सकाळी सातला डबा त्याने भरला काय, हे पाहावे. ‘मी तिला मदत करतो’ हे वाक्यही तपासून घेतलेले बरे. त्यात काम तिचे आहे हे आधीच मान्य केलेले असते.

याच कामाला पैसा मिळू लागला की चित्र पालटते. लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष असतो, हॉटेलचा मुख्य स्वयंपाकीही बहुधा पुरुषच; तेथे उपजत चवीची भाषा कोणी करीत नाही. आणि जेथे पगारी काम बाईच्या वाट्याला येते तेथे पगार हा शब्दच गळतो. शाळेत पोषण आहार रांधणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राने २००९ साली दरमहा १००० रुपये ठरविले, तेही वर्षातले दहा महिने, आणि त्याला नाव दिले मानधन. राज्ये त्यात आपली भर घालतात. पण कामाला जेथे मजुरी म्हणत नाहीत तेथे किमान वेतनाचा कायदा लागू करण्याची गरज भासत नाही. शहरातल्या मध्यमवर्गाने तर समतेचा प्रश्न पोळीवाल्या बाईंना कामावर ठेवून सोडविला आहे. घरच्या दोघांनाही मोकळीक मिळते; ती बाई पाच घरच्या पोळ्या लाटून रात्री आपल्या घरची चूल पेटवते. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि संघटना उभारली, तेव्हा ज्यांची अडचण झाली त्यांत पुरोगामी घरेही होती.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे बहुधा अभ्यासू असतात. चूल व्यक्तिगत ठेवून पुरुषाला तिच्यापुढे बसविणे ही सुधारणा झाली. समाजवाद्याने सार्वजनिक भोजनगृहांची मागणी करावी, लेनिननेही १९१९ साली घरकामाच्या जोखडावर हाच उपाय सांगितला होता. मागणी रास्तच आहे. पण मुंबईच्या गिरणगावात सार्वजनिक जेवण होतेच. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार खानावळींत जेवत आणि त्या खानावळी चालविणाऱ्या बायका पहाटेपासून चुलीपुढे बसत. सावकारी व्याजाने पिचलेल्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार गावी परतू लागले आणि खानावळींचे गिऱ्हाईक सरले. त्या संपाच्या इतिहासात या बायकांना मिळालेली जागा अगदीच थोडी आहे. चूल सार्वजनिक झाली म्हणजे तिच्यापुढचा माणूस बदलतो असे नाही. तो बदलायचा तर रांधणे सर्वांना यावे लागते. २०२०च्या टाळेबंदीत मेस आणि खानावळी एकाएकी बंद झाल्या तेव्हा खोलीत तांदूळ-डाळ असूनही बिस्किटांवर दिवस काढणारे तरुण ठिकठिकाणी आढळले. त्यांतले काही पदवीधर होते.

तेव्हा येत्या उन्हाळ्यातील शिबिरांपासून आरंभ व्हावा. शिबिरांत स्वयंपाकाच्या तुकड्या पूर्वीही असत. परंतु पुरुष शिबिरार्थी पाणी भरीत, लाकडे फोडीत, पंगत वाढीत आणि परातीपुढे बहुधा गावातल्या बाया बसत. ही वाटणी बदलावी. पाच दिवसांच्या शिबिरात पहिल्या दिवशी वरण-भात, दुसऱ्या दिवशी पिठले, तिसऱ्यापासून भाकरी असा क्रम ठेवावा, आणि व्यासपीठावर बसणाऱ्या नेत्यांची नावे तुकड्यांच्या यादीतून वगळू नयेत. सकाळचे सत्र लांबले म्हणून त्या दिवशीचा पाळीवाला सुटू नये. भाकरी शिकविण्यासाठी गावातल्या दोन जाणत्या बायांना रीतसर निमंत्रण द्यावे, कार्यक्रमपत्रिकेवर त्यांची नावे इतर वक्त्यांच्या नावांबरोबर छापावीत आणि राष्ट्रीय उत्पन्नावर बोलणाऱ्या प्राध्यापकाला जो प्रवासखर्च आणि जे मानधन मिळते, तेच त्यांनाही पाकिटात घालून, पावतीवर सही घेऊन द्यावे.