तारीख कोण सांभाळणार?

वकिलाच्या कचेरीत शिरणाऱ्या अशिलाच्या नजरेत प्रथम भरतात ती कायद्याच्या जाडजूड पुस्तकांची कपाटे. पण कचेरीचा प्राण असतो तो टेबलाच्या कोपऱ्यावरच्या डायरीत. मागची तारीख, पुढची तारीख आणि प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे याची चार शब्दांची नोंद, एवढाच तिचा मजकूर. ती सांभाळणारा मुरलेला कारकून लाभला म्हणजे वकील निर्धास्त असे. असे कारकून आता विरळ होत चालले आहेत, आणि पणजी, म्हापसा, मडगाव येथील तरुण वकिलांच्या हाती डायरीच्या जागी मोबाईल आला आहे. साहजिकच प्रश्न उभा राहतो की, खटल्यांच्या व्यवस्थापनासाठीच घडविलेले सॉफ्टवेअर घ्यावे, की एक्सेल, गूगल ड्राइव्ह, ट्रेलो, नोशन यांसारख्या कोणत्याही कचेरीत चालणाऱ्या साधनांवर भागवावे? वरवर पाहता ही वकीलवर्गाची घरगुती बाब आहे. तथापि तिचे बरेवाईट परिणाम भोगावे लागतात ते अशिलाला, म्हणून तिची चर्चा चारचौघांत होणे इष्ट आहे.

सर्वसाधारण साधनांची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण बहुतेकांच्या हाती तीच आहेत. ती स्वस्त आहेत, काही तर फुकटच. नुकतीच सनद घेतलेल्या आणि मिळकतीची शाश्वती नसलेल्या वकिलाला दरमहा वर्गणीचे सॉफ्टवेअर घे म्हणून सांगणे सोपे आहे. त्याने ते परवडवायचे कसे, हे सांगणारा कोणी भेटत नाही. मसुदा लिहिणे, ज्येष्ठांकडून तो तपासून घेणे, कागदपत्रे एका जागी ठेवणे या कामांत ही साधने कोठेही उणी पडत नाहीत. उणी पडतात ती तारखेच्या बाबतीत. ट्रेलोच्या फलकावर लावलेली तारीख ही नुसती तारीख असते. लग्नाचे आमंत्रण आणि अपिलाचा अखेरचा दिवस यांची तेथे किंमत सारखीच. कायद्यातील तारखेला मात्र वंशावळ असते. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करावयाचे तर मुदत ९० दिवसांची, इतर न्यायालयात ३० दिवसांची. त्यातून निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ वगळावयाचा. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवस उलटले की कैफियत दाखल करण्याचा हक्कच संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. खास सॉफ्टवेअरचा उपयोग येथे आहे. ते तारखेला प्रकरणाशी बांधून ठेवते, एका घटनेवरून पुढच्या मुदती काढते आणि कचेरीतील एकाहून अधिक माणसांना वेळीच टोचणी देते.

म्हणून त्याची पूजा बांधावी असे मात्र नाही. मुदतीच्या कायद्याने गोव्यात घेतलेली वळणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. पोर्तुगीज नागरी संहितेतील मुदतविषयक तरतुदी हा येथील स्थानिक कायदा असून तो टिकून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली म्हटले होते. २००१ साली सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ते मत बाजूला सारले आणि १९६३ चा देशव्यापी मुदत कायदा येथे लागू ठरविला. पुढे महामारीच्या काळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा अवधी मुदतीच्या गणनेतून वगळण्यात आला. असा प्रत्येक पालट यंत्राला कोणीतरी शिकवावा लागतो, आणि तो अचूक शिकविला की नाही हे पाहावयास कायदा जाणणारा माणूसच लागतो.

दुसरे उदाहरण इन्व्हेंटरीचे. २०१२ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या या वारसावाटपाच्या कामात वादी विरुद्ध प्रतिवादी असा सरळ सामना नसतो. कुटुंबप्रमुख वारसांची व मालमत्तेची यादी देतो, आक्षेप येतात, मूल्यांकन होते, हितसंबंधीयांत बोली लागते आणि मग वाटपाचा तक्ता तयार होतो. वारसांपैकी कोणी लिस्बनला, कोणी आखातात, कोणी मुंबईत. शिवाय समाईक मालमत्तेच्या विवाहपद्धतीमुळे त्यांच्या पती-पत्नींनाही कामात सामील करून घ्यावे लागते. अन्यत्र बनलेले, वादी आणि प्रतिवादी असे दोनच रकाने जाणणारे सॉफ्टवेअर अशा प्रकरणापुढे गोंधळून गेले तर नवल नाही. तेथे हवी तशी आखता येणारी एक्सेलची साधी वही अधिक कामाची.

गुप्ततेचा मुद्दा याहून नाजूक आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे. आणि त्याच गोष्टींचे कागद व्हॉट्सॲपच्या गटावर फिरताना किंवा दुवा मिळेल त्या कोणालाही उघडता येतील अशा रीतीने ठेवलेले आढळतात! प्रकरणागणिक कोणी काय पाहावे हे ठरविण्याची सोय खास सॉफ्टवेअरमध्ये सहसा असते, ही त्याची जमेची बाजू. परंतु विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न खडसावून विचारला पाहिजे: उद्या वर्गणी थांबली किंवा तुमची कंपनीच बुडाली, तर आमचे दप्तर साध्या, कोठेही वाचता येणाऱ्या स्वरूपात परत मिळेल काय? या प्रश्नावर जो चाचरेल त्याचा माल कितीही गुणी असो, घेऊ नये.

या खासगी बाजारापलीकडे एक सार्वजनिक व्यवस्थाही उभी आहे. ई-न्यायालय प्रकल्पासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुण्यात मुक्त स्वरूपाचे सॉफ्टवेअर घडविले. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळाला. तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ साली ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. या क्रमांकावरून पुढील तारीख कोणालाही विनामूल्य पाहता येते. परंतु न्यायालय सांगते ती सुनावणीची तारीख. दाखल न झालेल्या अपिलाची मुदत कधी संपते, हे न्यायालयाच्या संगणकाला कळण्याचा संभवच नाही. ते ज्याचे त्याने पाहावयाचे. आमच्या मते लहान कचेऱ्यांनी लेखन व पत्रव्यवहारासाठी सर्वसाधारण साधने खुशाल वापरावीत; मुदतींची नोंद मात्र त्यांत मिसळू देऊ नये. ती प्रकरणाशी बांधलेल्या स्वतंत्र व्यवस्थेतच असावी आणि दर आठवड्यास दोघांच्या नजरेखालून जावी. वकील संघटनांनी एकत्रित दराने असे सॉफ्टवेअर मिळविले तर नवोदितांचाही प्रश्न सुटेल.

सरकारची गोष्ट निराळी. तेथे परवडण्याचा प्रश्न नाही. २०१२ साली टपाल खात्याने ४२७ दिवसांच्या विलंबाची माफी मागितली, तेव्हा उपलब्ध आधुनिक साधनांच्या काळात फायली फिरत राहिल्याची सबब चालणार नाही, मुदत सरकारलाही बांधते, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. तरीही २०२० साली मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा त्याच न्यायालयाच्या दारी गेले आणि २५ हजार रुपयांचा भुर्दंड घेऊन परतले. केंद्राने आपल्या खटल्यांसाठी ‘लिम्ब्स’ ही नोंदव्यवस्था उभारली आहे. गोवा सरकारनेही प्रत्येक खात्याच्या प्रलंबित प्रकरणांची मुदतवार यादी विधानसभेच्या दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी. कोणत्या खात्यात कोणते सॉफ्टवेअर आहे यापेक्षा ती यादी अधिक बोलेल.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध अशिलाला नको, असा दिलासा १९८१ च्या रफीक प्रकरणात मिळाला खरा. पण तो मिळविण्यासाठी त्या अशिलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. काणकोण वा सत्तरीच्या शेतकऱ्याला ती वाट झेपणारी नाही. वकालतनाम्यावर सही करतानाच त्याने पुढच्या मुदतीचा अखेरचा दिवस, आणि प्रकरण दाखल होताच सीएनआर क्रमांक, कागदावर लिहून मागावा. तो मागितला म्हणून रागावणारा वकील विरळाच असेल.