विश्लेषण : आंबवड्याहून रायरेश्वरला जाताना चाके कुठे थांबवायची?

पावसाळा सरू लागला की भोरहून आंबवडेमार्गे रायरेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दी वाढते. पठारावर सोनकी फुललेली असते आणि ती पाहायला पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. गाडी आता लोखंडी शिडीजवळच्या खिंडीपर्यंत पोहोचते. मग ती आणखी वर का नेऊ नये, असा प्रश्न अनेकांना पडतो. ती वर जाऊ नये आणि जमेल त्याने खिंडीपर्यंतही सायकलने किंवा चालत जावे, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्याची कारणे पठाराच्या मातीत आहेत.

वाट कशी आहे?

भोरपासून आंबवडे साधारण १० किलोमीटरवर. नागेश्वराचे जुने मंदिर, संस्थानकाळातला झुलता पूल आणि कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्या यांमुळे हे गाव इतिहासप्रेमींना ठाऊक आहे. पुढे टिटेघर, कोर्ले करत रस्ता चढत जातो आणि खिंडीत पोहोचतो. खिंडीच्या एका बाजूला केंजळगड, दुसऱ्या बाजूला रायरेश्वर. शिडी चढून वर गेले की सुमारे १,३७० मीटर उंचीवरचे लांबलचक पठार लागते. शिवरायांनी १६४५ मध्ये स्वराज्याची शपथ घेतली ती इथल्या शिवमंदिरात, अशी परंपरा आहे. जंगम कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वर राहतात, शेती करतात, गुरे पाळतात.

उजाड दिसणाऱ्या पठारावर जपायचे काय?

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या अशा पठारांवर खडकावर मातीचा थर अनेक ठिकाणी जेमतेम काही बोटांचा असतो. पावसाळ्यात पाणी साचते, दिवाळीनंतर सगळे कोरडे पडते. एवढ्या मातीत मोठे झाड धरत नाही. म्हणूनच इथे अशा वनस्पती वाढतात, ज्यांना दोन-तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळे व्हायचे असते. तेरडा, गेंद, सोनकी, कावळा ही त्यातली काही नावे. ‘सीतेची आसवे’ हे निळसर-जांभळे फूल तर कीटकभक्षी वनस्पतीचे. मातीत पोषण कमी, म्हणून ती मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून गरज भागवते.

म्हणजे इथे मातीचा निकसपणा हीच श्रीमंती आहे. ओल्या मातीवरून एक चाक गेले की चाकोरी पडते, तिच्यातून पाणी वाहू लागते आणि शेकडो वर्षांत साठलेली माती काही पावसाळ्यांत निघून जाते. मोटारसायकलने हे होतेच, सायकलच्या चाकानेही होते.

याचा पाण्याशी संबंध काय?

रायरेश्वर ज्या डोंगररांगेवर आहे ती पाणी वाटून देणारी आहे. उत्तरेकडे पडलेला पाऊस नीरेच्या खोऱ्यात जातो, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे कृष्णेला. दक्षिण उतारावरचे पाणी वाईच्या बाजूने थेट कृष्णेच्या खोऱ्यात उतरते. पठारावरची माती आणि भेगाळलेला खडक पाऊस धरून ठेवतात, म्हणून उतारावरचे झरे पावसाळा संपल्यावरही काही काळ टिकतात. वरची माती गेली तर त्याची झळ खालच्या गावांना बसेल.

मग अशा जमिनीला किंमत का नाही?

कारण कागदावर तिला नावच वेगळे आहे. सातबाऱ्यावर लागवडीला अयोग्य जमिनीची नोंद ‘पोटखराबा’ अशी होते. केंद्र सरकारच्या ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’मध्येही झुडपी माळ आणि उघडा खडक पडीक जमिनीत मोजले जातात. एकदा ‘पडीक’ ठरली की तिचे काहीतरी ‘चांगले’ करण्याची घाई सुरू होते. कुणी रस्ता सुचवतो, कुणी रिसॉर्ट, कुणी वृक्षारोपण. यातला वृक्षारोपणाचा हेतू चांगला असला तरी माळावर दाट झाडे लावली की सावलीत तिथली मूळ झुडपे आणि गवते हटतात. इंदापूर-बारामतीच्या माळांवर चिंकारा आणि लांडगे टिकून आहेत ते माळ मोकळे असल्यामुळेच.

इतर देश काय करतात?

नेदरलँड्समधला वेलुवे हा भाग झुडपी माळ आणि समुद्रापासून दूर असलेल्या वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अतिचराईमुळे आणि शेतासाठी मातीचे थर खरवडून नेल्यामुळे तिथे वाळू मोकळी झाली, गावांवर येऊ लागली. तेव्हा पाइनची झाडे लावून ती रोखली गेली. आज तेच लोक काही ठिकाणी झाडे काढून माळ आणि वाळू मोकळी ठेवतात, कारण तिथले जीव मोकळ्या जागेवरच जगतात. जर्मनीत लुनेबर्गच्या माळावर मेंढ्यांचे कळप मुद्दाम चारले जातात. वेलुवेतल्या ‘होगे वेलुवे’ राष्ट्रीय उद्यानात पाहुण्यांसाठी सुमारे १,८०० पांढऱ्या सायकली मोफत आहेत. त्या आखलेल्या वाटांवरून चालवायच्या.

आपल्याकडे कास पठार आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कास आहे. हंगामात तिथे नोंदणी आणि शुल्क घेतले जाते. पण गर्दी कासचे नाव सर्वदूर झाल्यावर आली, नियम त्यानंतर आले. रायरेश्वरला क्रम उलटा ठेवण्याची संधी अजून आहे.

वर राहणाऱ्यांचे काय?

या युक्तिवादाला सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर सुटा करून त्याचे भाग शिडीने वर नेले आणि वर पुन्हा जोडला. आजारी माणसाला खाली आणताना काय होत असेल, याची कल्पना करता येते. त्यांच्या गरजा आणि पर्यटकाची सोय एकाच मापाने मोजू नयेत. त्यांना रुग्ण आणि माल उतरवण्याची खात्रीची व्यवस्था हवी, आणि ती देणे शासनाचे काम आहे. पर्यटकाला मात्र वर गाडीची गरज नाही. तो चालत आला तर जेवायला, मुक्कामाला थांबतो आणि पैसा गावात राहतो.

आपण काय करावे?

भोर किंवा आंबवड्यापासून गिअरची सायकल घेऊन निघावे. कोर्ल्यानंतरचा चढ दमवतो, म्हणून पहाटे सुरुवात करावी. सायकल खिंडीत ठेवावी, वर नेऊ नये. पठारावर मळलेली पायवाट सोडू नये. फोटोसाठी फुलांत बसू नये. धुके उतरले तर गावातल्या माणसाला सोबत घ्यावे. पावसात शिडी निसरडी होते, तिथे घाई नको.

ग्रामपंचायत, वन विभाग आणि तालुका प्रशासनाने एवढे तरी लगेच करावे : गाड्या थांबवण्याची जागा आणखी खाली ठरवावी, तिथून स्थानिकांच्या जीपची सोय करावी आणि हंगामातल्या शुल्काचा वाटा पठारावरच्या कुटुंबांना द्यावा. पठारावर पहिली चाकोरी पडण्याआधीच हे करायला हवे.